सख्ख्या बहिणींचं विष

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. वाटू नयेच. पहिल्या ऐकण्यात जो मान डोलावेल, त्यानं आपलं डोकं एकदा वाजवून बघावं, आत काही शिल्लक आहे का. पण झालं ते असं, की थोरल्या साडूला एक डास चावला आणि तो डास जागच्या जागी मेला. चांगला धडधाकट, नुकतंच पोट भरलेला डास. भिंतीवर जाऊन टेकला, दोनदा पाय झाडले आणि टपकन खाली.

"बघा," थोरल्याची बायको म्हणाली, "म्हणून सांगते, एवढं जळत जाऊ नका. रक्त बिघडतं."

"मी कुठं जळतोय?" थोरला म्हणाला आणि हातातला चहा प्यायला. सकाळी ओतलेला तो चहा दुपारपर्यंत त्याच्या हातात वाफाळत होता.

जळण्याचं कारण होतं धाकटा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची नोकरी एकाच ठिकाणी. रस्त्याच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याला लागून एक बसकी इमारत होती. तिला सगळे विषघर म्हणत. तिथं साप पाळायचे, त्यांचं विष काढायचं, आणि त्या विषापासून सापाच्या दंशावरचं औषध बनायचं. आत उंच खिडक्यांची एक लांबलचक उबदार खोली. भिंतींना फळ्या, फळ्यांवर लाकडी पेट्या, पेट्यांना समोर काच, वर झाकण आणि झाकणाला बाहेरून कडी. प्रत्येक राखणदाराची फळी वेगळी.

त्या कडीवर विषघराचा सगळा संसार उभा होता. साप आत गेला, झाकण पडलं, कडी घातली, की घालणाऱ्यानं मोठ्यानं "कडी!" म्हणून ओरडायचं. जवळपास जो असेल त्यानं "ऐकली!" म्हणायचं. विसरलात तर दुसऱ्या दिवशी येऊ नका, असं म्हातारा मुकादम नव्या माणसाला पहिल्याच सकाळी सांगायचा. राखणदारांच्या अंगात ते इतकं मुरलेलं, की थोरला घरी संडासाचं दार लावतानाही "कडी!" ओरडायचा आणि बायको स्वयंपाकघरातून कंटाळून "ऐकली हो, ऐकली" म्हणायची.

धाकट्याला विषघरात आणलं ते थोरल्यानंच. साप कसा धरायचा, साप उचलायच्या आकडीचा भार कुठं द्यायचा, हे शिकवलं तेही त्यानंच. तेव्हा धाकटा त्याच्या मागं मागं "साडूभाऊ, साडूभाऊ" करत फिरायचा आणि थोरल्याला ते बरं वाटायचं. आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरच्या माणसावर माया करणं सोपं असतं.

एकाच नागिणीची अंडी विषघरात उबवली होती. त्यातल्या दोन पिल्लांपैकी एक थोरल्याच्या फळीवर आलं, एक धाकट्याच्या. थोरल्यानं आपल्या नागिणीचं नाव ठेवलं राणी. धाकट्यानं ठेवलं शेवंती. दोघी सारख्याच लांब, सारख्याच काळ्या, फण्यावर सारखीच खूण. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. वाढल्या, विष देऊ लागल्या, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांचं विष एकाच मोठ्या बरणीत जात राहिलं. कुणाच्या सापानं काय दिलं, कुणी विचारलं नाही. घरात सुख होतं.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, आणि बोलल्यावर कुणाचं "पण" न ऐकणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठी बरणी बाजूला ठेवायला लावली.

"प्रत्येक सापाची वाटी वेगळी," त्या म्हणाल्या. "एकाच जातीचे दोन साप म्हणजे एकच विष नव्हे. कुणाचं कसं आहे ते मला वेगवेगळं बघायचंय."

"नागाचं विष ते नागाचं विष," मुकादम मिशीत पुटपुटला.

"माणसाची जीभ ती माणसाची जीभ," बाई म्हणाल्या. "पण तुमची आणि माझी चालते का सारखी?"

तर वाट्या मांडल्या. काचेची वाटी, तिच्यावर ताणून बांधलेला पातळ पापुद्रा. नागिणीनं पापुद्रा चावला की दातांतून विष खाली गळतं. आधी शेवंतीची पाळी. धाकट्यानं तिचं तोंड वाटीला लावलं आणि वाटीत पिवळाधमक थेंब उतरला. मधासारखा, हळदीसारखा. खिडकीतलं ऊन त्यातून गेलं आणि समोरच्या भिंतीवर एक सोनेरी ठिपका नाचायला लागला. सगळे राखणदार जमले.

"वा रे वा! सोनं गाळतेय!"

मग राणीची पाळी. थोरल्यानं छाती पुढं काढली. राणीनं पापुद्रा चावला, चांगला कडकडून चावला, आणि वाटीत उतरलं ते नितळ, बिनरंगी. नळाखाली वाटी धरली असती तरी तसंच दिसलं असतं.

जमलेले राखणदार आपापल्या फळ्यांकडं पांगले. तेच जास्त लागलं. आणि जेवणाच्या सुट्टीत हात धुताना कुणीतरी मागून गुणगुणलं:

"थोरल्याची राणी, तिच्या दातात पाणी."

झालं. त्या दिवसापासून थोरल्याच्या पोटात जी शेगडी पेटली ती विझेना. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला तो पाठ टेकून उभा राहायचा, तर पलीकडे लाद्या वितळायच्या म्हणे. रात्री कूस बदलली की डोळ्यांपुढं तो सोनेरी ठिपका. धाकट्याचं शीळ घालणं ऐकलं तरी वाटायचं, हा मला ऐकवण्यासाठी घालतोय. आणि धाकटा? त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तो बापडा तसाच हसायचा, तसाच "साडूभाऊ" म्हणायचा. भांडला असता तर परवडलं असतं.

"काय खायला घालतोस रे तिला?" थोरल्यानं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्ही राणीला घालता तेच. उंदीर."

"आणखी काही?"

"आणखी काय? कधी दोन शब्द बोलतो तिच्याशी."

थोरल्याला वाटलं, लपवतोय. त्यानं राणीला अंड्याचा बलक चारला. पिवळ्या मऊ पिसांची कोंबडीची पिल्लं आणून चारली. एक दिवस पेटीच्या काचेला पिवळा कागद चिकटवला. खोली रिकामी बघून, इकडंतिकडं बघून, दोन शब्दही बोलला. "अगं, माझी लाज राख," एवढंच सुचलं. पुढच्या वेळी राणीनं वाटीत जे दिलं, ते मागच्यापेक्षाही नितळ होतं.

शेवटी तो बाईंकडं गेला.

"बाई, राणीचं विष पिवळं व्हायला काय करावं लागेल?"

"काही करता येणार नाही. एकच आई, एकच खोली, एकच खाणं, तरी दोघींचं वेगळं. उपजतच असतं ते. तुमच्या घरातल्या दोन बहिणींचा स्वभाव सारखा आहे का?"

थोरल्याच्या घरातल्या बहिणींचा विषय नेमका नको तिथं निघाला. कारण त्यांची आई, म्हणजे सासूबाई, दर सुट्टीच्या दिवशी दोन्ही जावयांना एका टेबलाशी बसवायच्या. म्हातारा मुकादम आता निवृत्त होणार, ही बातमी त्यांच्या कानावर गेली होती. थोरल्यानंच ती घातली होती, आणि वर आपण होऊन सांगितलं होतं, "ती खुर्ची माझीच धरून चाला."

"मग, जावईबापू," सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "मुकादम कधी होताय?"

"होईन की."

"नाही म्हणजे, धाकटे म्हणत होते, त्यांच्या नागिणीचं बाईंना फार कौतुक."

"आई, मी असं नाही म्हणालो," धाकटा म्हणाला. "मी म्हणालो, बघायला मजा आली."

"तेच ते. आणि तुमच्या नागिणीचं काय हो?"

"तिचंही चाललंय," थोरला म्हणाला. त्या घासाला त्याला मिठाचीही चव लागली नाही.

"एकाच आईच्या ना दोघी?" सासूबाईंनी भाताचा डाव पातेल्यावर आपटला. "मग एकीचं असं आणि एकीचं तसं कसं? सांभाळणाऱ्याच्या हातातच फरक असेल."

हे वाक्य थोरल्याच्या कानात शिरलं ते बाहेर आलंच नाही. हातातच फरक. म्हणजे मुकादम कोण होणार, हे त्या पिवळ्या थेंबानं ठरवलेलं. आयुष्यभर या घरात धाकट्याला पुढचं ताट आणि आपल्याला उरलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राखणदार जेवायला पांगले. धाकटा मागच्या अंगणात नळावर पाण्याची भांडी घासत होता, शीळ घालत. थोरला खोलीत एकटा. त्यानं आकडी घेतली, कापडी पिशवी घेतली. शेवंतीला पिशवीत घातलं. राणीला उचललं आणि शेवंतीच्या पेटीत सोडलं. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याच्या हातची नागीण. ती नव्या पेटीत शिरली, कोपऱ्यात वेटोळं घातलं, आणि तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. साप वळून बघत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तरी वाटलं, बघायला हवं होतं तिनं.

झाकण पाडलं, कडी घातली, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं:

"कडी!"

मागच्या अंगणातून, पाण्याच्या आवाजातून, धाकट्याचा आवाज आला, "ऐकली!"

थोरल्यानं वळून मागच्या दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही. शीळ पुन्हा सुरू झाली. मग त्यानं पिशवीतली शेवंती राणीच्या पेटीत सोडली, झाकण पाडलं, कडी घातली. ओठ घट्ट दाबून धरले होते, पण सवय ओठांतूनही वाट काढते.

"कडी!"

"ऐकली!"

पुढच्या वेळी वाट्या मांडल्या, तेव्हा राणीच्या पेटीतल्या नागिणीनं सोनं गाळलं. शेवंतीच्या पेटीतलीनं पाणी. खोलीत गलका उडाला. ज्यानं गाणं रचलं होतं, त्यानंच थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. थोरला म्हणाला, "हाताचा गुण असतो, बाबा," आणि हे म्हणताना त्यानं धाकट्याकडं बघितलं. वाटलं होतं, तोंड उतरलं असेल. धाकटा वाटीत डोकावून म्हणत होता, "काय गंमत आहे! बरं झालं साडूभाऊ, तुमच्या राणीला उगाच नावं ठेवत होते लोक."

शेगडी विझायला हवी होती. उलट तिच्यावर तेल पडलं. याला वाईटही वाटत नाही!

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही वाट्या उजेडात धरल्या.

"पूर्ण वाढलेल्या नागिणीचं विष असा रंग बदलत नाही. पेट्या धुताना कुणाकडून या दोघींची अदलाबदल झाली का? झाली असली तर सांगा, मी रागावणार नाही."

आत्ता बोललं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण सोनेरी ठिपका थोरल्याच्या सदऱ्यावर नाचत होता.

"बाई," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही माझी राणीच. डोळे बांधून नुसत्या फूत्कारावरून ओळखीन तिला. शपथ घेऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "तुमचा शब्द पुरे."

थोड्या दिवसांनी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. दोन्ही वाट्यांतलं विष त्यांनी जुन्या औषधासमोर लावून पाहिलं होतं.

"पिवळ्या विषाला आपलं औषध सहज आवरतं," त्या म्हणाल्या. "बिनरंगी विषाला आवरत नाही. म्हणजे अशी नागीण कुणाला चावली, तर आपलं औषध देऊनही तो माणूस हातचा जाईल. आजवर सगळं एका बरणीत गेल्यामुळं हे कळलंच नाही. आता नवं औषध करायचं ते या विषापासून. त्यासाठी वेगळी खोली होईल, या वाणाच्या नागिणी शोधून आणल्या जातील. ही आपली पहिली. जिच्या पेटीतून ते विष आलं, तिच्या राखणदाराकडं ती खोली, आणि मुकादमीही."

सगळ्यांच्या माना शेवंतीच्या पेटीकडं वळल्या. शेवंतीच्या पेटीत राणी होती. ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक बोलू शकत नव्हती.

ज्या पाण्यावर लोक हसले, तेच अमृत निघालं. जे त्याच्या घरात, त्याच्या फळीवर होतं, ते त्यानं आपल्या हातानं उचलून, कडी घालून, वर ओरडून दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. आणि शपथही तयार ठेवली होती.

सुट्टीच्या दिवशी सासूबाईंनी धाकट्याच्या मुकादमीचं जेवण केलं. बाईंनाही बोलावलं. धाकट्याला मधली खुर्ची. थोरल्याला खिडकीजवळची, तिचा एक पाय लुळा होता.

"घ्या हो मुकादम, मासा घ्या," सासूबाई म्हणाल्या.

धाकट्यानं आपल्या ताटातला मोठा तुकडा थोरल्याच्या ताटात सरकवला. "साडूभाऊंनीच मला आणलं इथं. माझं काय आहे त्यात?"

तो तुकडा समोर बघून थोरल्याला राहवेना. खुर्ची डुगडुगवत तो उभा राहिला.

"बाई, आता गप्प बसवत नाही. शेवंतीच्या पेटीत आहे ती माझी राणी आहे."

"तुम्ही तर छातीवर हात ठेवला होता," बाई म्हणाल्या.

"ठेवला होता. कारण खरं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. अदलाबदल कुणी माणसानं केली नाही. त्या दोघींनी स्वतः केली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

सासूबाईंचा डाव हवेत थांबला. बायकोनं कपाळावर हात मारला. पण थोरला एकदा सुटला की थांबणारा नव्हता.

"दुपारची वेळ. मी दारात, खोली सामसूम. राणीनं फणा झाकणाला टेकवला आणि अशी काही धडक दिली, की कडी उडून बाजूला. खाली उतरली, सरळ शेवंतीच्या पेटीपाशी गेली. तोंडानं तिची कडी ओढली. शेवंती बाहेर आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, अशा कमरेइतक्या उंच. सख्ख्या बहिणी, इतक्या वर्षांनी भेटलेल्या! गळ्यात गळा घातला. मग काय ठरलं कुणास ठाऊक, ही तिच्या पेटीत गेली, ती हिच्या. जशी माहेरी आलेली बहीण बहिणीच्या खोलीत झोपते तशी."

"आणि तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"माझे हातपाय गळाले, बाई. नुसता बघत राहिलो."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे दोन नागिणींच्या पेट्या उघड्या होत्या? किती वेळ?"

इथं थोरला दचकला. उघडी कडी म्हणजे दुसऱ्या दिवशी येऊ नका.

"छे छे! उघड्या कुठल्या? कड्या घट्ट होत्या. आत गेल्या गेल्या घट्ट. मी स्वतः ओढून बघितल्या."

"तुम्ही घातल्यात?"

"मी हातही लावला नाही, बाई. देवाशपथ."

मग सासूबाईंनी डाव सावकाश पातेल्यात ठेवला.

"जावईबापू, मी काही तुमच्या विषघरात आले नाही कधी. पण कड्या बाहेरून असतात असं तुम्हीच सांगता ना? मग दोघी आत गेल्यावर बाहेरच्या कड्या घातल्या कुणी?"

थोरल्यानं पाण्याचा पेला उचलला. आत पाणी नव्हतं. तरी तो प्यायला.

"त्यांनीच," तो म्हणाला. "शेपटीनं."

धाकटा इतका वेळ ताटाकडं बघत बसला होता. त्यानं हळूच मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा तो थोरल्याकडं बघून हसला नाही.

"आणि 'कडी' म्हणून ओरडल्या त्याही नागिणीच का, साडूभाऊ? दोनदा ओरडल्या. मी नळावरून दोन्ही वेळा 'ऐकली' म्हणालो होतो."